ग्रंथांची जबानी

जे घडले ते लिहून ठेवणारा ग्रंथ श्रेष्ठ, की जे घडले नाही परंतु घडणे शक्य होते ते डोळ्यांपुढे उभे करणारा ग्रंथ श्रेष्ठ, हा प्रश्न साहित्यशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथखरेदीची यादी करण्याची वेळ आली म्हणजे तो दरसाल नव्याने उपस्थित होतो, आणि समितीच्या दोन ज्येष्ठ सभासदांत त्यावरून जो वाद जुंपतो तो ऐकण्यासाठी, ज्यांचा यादीशी काही संबंध नाही असे वाचकसुद्धा बैठकीला येऊन बसतात. त्यांपैकी एक, महसूल खात्यात उमेदवार कारकुनापासून मामलेदारीपर्यंत चढून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सर्वजण रावसाहेब म्हणतात, आणि बखरी, पत्रव्यवहार, आत्मचरित्रे, कोश, इतकेच नव्हे तर पाकशास्त्राची पुस्तकेसुद्धा ते ज्या एकाग्रतेने वाचतात त्या एकाग्रतेने कोणी कादंबरी वाचीत असेल असे मला वाटत नाही. दुसरे, हायस्कुलात मराठी व संस्कृत शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मनुष्याच्या अंतरंगाचे खरे दप्तर काव्यात आणि कादंबरीतच सापडते, अशी त्यांची श्रद्धा आहे. समितीचा चिटणीस या नात्याने बैठकांची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे, त्यांपैकी एका बैठकीतील संभाषण येथे देत आहे. मधूनमधून माझा अभिप्राय आलेला दिसेल. तो टाळण्याचा मी प्रयत्न केलेला नाही, कारण या विषयात तटस्थ राहणे मला शक्य नाही.

रावसाहेब : मास्तर, तुमच्या यादीवर माझी हरकत नाही असे म्हणता आले असते तर मला आनंद झाला असता, परंतु तीत कादंबऱ्यांचाच भरणा आहे, आणि ज्याने आपली सारी हयात लोकांच्या जबान्या घेण्यात, पंचनामे लिहिण्यात आणि जुन्या कागदांशी नव्या कागदांचा मेळ घालण्यात घालविली, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की जी हकिकत आरंभापासून शेवटापर्यंत एकाही ठिकाणी अडखळत नाही ती बहुधा कोणीतरी पढविलेली असते. कादंबरी कोठेच अडखळत नाही. उलट गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' पाहा. कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, कुटुंबावरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत व तेथे दक्षिणा पुष्कळ मिळेल असे ऐकून, 1857 साली काकांना बरोबर घेऊन उत्तरेची वाट धरतो आणि ऐन बंडात सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात आहे. शहर पडल्यावर जी कत्तल आणि लूट झाली ती तो जीव मुठीत धरून पाहतो. मिळविलेले द्रव्य लुटले जाते, पुन्हा मिळवितो, पुन्हा जाते. आणि अखेर घरी परततो तो आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन. कोणी अशी कथा रचली असती तर तुम्हीच म्हणाला असता, इतके योगायोग नकोत. पण ती घडलेली आहे, आणि आपण एक कथा सांगत आहोत याची सांगणाऱ्याला जाणीवही नाही.

मास्तर : जाणीव नाही हे कशावरून, रावसाहेब? भटजींनी ही हकिकत लिहून काढली 1883 साली, म्हणजे प्रसंग घडून गेल्यावर पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात ती वरसईच्या ओटीवर किती वेळा सांगितली गेली असेल, आणि दर खेपेला ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून सांगणाऱ्याने कोठे थांबावे, कोठे घाई करावी हे कसे ठरविले असेल, याचा विचार करा. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पठाणी पोषाखातली झाशीची राणी तहानेने व्याकूळ होऊन येते. भटजी पाणी शेंदून देऊ लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम घेऊ नयेत म्हणून ती त्यांना थांबविते, आणि ओंजळीने पाणी पिते. या प्रसंगात पराभव आहे, शीण आहे, आणि राज्य हातचे गेल्यावरही न सुटलेली मर्यादा आहे. आणि हे सारे दोन-चार वाक्यांत आहे. त्या दिवशी आणखी शंभर गोष्टी घडल्या असतील. त्यांतून ही एक ज्याने निवडली तो कलावंत होय. त्याने स्वतःला भिक्षुक म्हणवून घेतले म्हणून त्याचे कलावंतपण लोपत नाही.

रावसाहेब : निवड मी मान्य करतो. प्रत्येक जबानीत निवड असतेच. परंतु निवडणे वेगळे आणि घडविणे वेगळे. भटजी स्वतःची भीती लिहितात, कमरेच्या पैशाची काळजी लिहितात, जेवायला काय मिळाले आणि कोणी किती दक्षिणा दिली तेही लिहितात. झाशीच्या राजांनी पिढ्यानपिढ्या जमविलेला ग्रंथसंग्रह, ज्यातल्या पोथ्या उतरवून घेण्यासाठी काशीचे पंडित येत, तो त्या लुटीत कसा धुळीला मिळाला, हे लिहिताना मात्र त्यांची लेखणी थरथरते, आणि ते थरथरणे कोणत्याही कादंबरीकाराला साधणारे नाही.

(येथे मला थोडे थांबावेसे वाटते. झाशीच्या पतनासंबंधी इतिहासग्रंथांत तोफा, तट आणि फितुरी यांचे वर्णन विपुल असते, परंतु एका नगराबरोबर एक ग्रंथालय मेले ही नोंद एका दरिद्री वैदिकाने ठेवली आहे, आणि ती ठेवली नसती तर त्या पोथ्या दोनदा मेल्या असत्या. प्रत्येक वाचनालयाच्या वर्धापनदिनी ते पान मोठ्याने वाचले जावे असे मला मनापासून वाटते.)

मास्तर : ठीक आहे, पण तुमच्या या साक्षीदाराची जबानी तुम्ही कोणत्या प्रतीवरून वाचलीत? भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ती 1907 साली छापली, तेव्हा भाषा आपल्या काळच्या वळणावर आणली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी फेरफार केले. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी जे वाचले ते गोडसे अधिक वैद्य. दत्तो वामन पोतदारांनी भारत इतिहास संशोधक मंडळातल्या मूळ हस्तलिखितावरून अस्सल पाठ प्रसिद्ध केला तो 1966 साली.

रावसाहेब : तोच तर माझा संताप आहे! वैद्य स्वतः ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते. साक्षीदाराच्या जबानीत शब्द घालणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला हवे होते काय? भीतीपोटी गाळले असेल तर मी क्षमा करीन. 1907 साल होते. पुढच्याच वर्षी लोकमान्यांना मंडालेस धाडणारे सरकार डोक्यावर होते. बंडाची हकिकत छापणे हेच धाडस. परंतु भटजींचे मराठी 'सुधारणे' याला क्षमा नाही. मूळ पाठात जो माणूस बोलतो त्याच्या तोंडाला कोकणचा वास आहे, वाक्य लांबते, मध्येच वळते, विसरलेले आठवते. सुधारलेल्या पाठात तो माणूस पदवीधर होऊन बसला आहे.

मास्तर : आणि मी म्हणतो, वैद्य नसते तर मूळ पाठही नसता. लिहा म्हणून भटजींना आग्रह करणारे तेच, हस्तलिखित जपून ठेवणारे तेच. ज्या वाचकाला नुसत्या बखरीच्या भाषेने दार बंद केले असते, त्याला त्यांनी आत घेतले. एवढे झाल्यावर त्याने पोतदारांची प्रत उघडावी. संपादकाने अस्सल कागद नष्ट केला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्यांनी तो नष्ट केला नाही. पण ते असो. माझा मूळ मुद्दा निराळा आहे. तुम्ही दप्तरावर इतका भरवसा ठेवता, तर मला सांगा, दप्तरात कोण नाही? तुमच्या वारसनोंदीत विधवेचे नाव येते, तेही मिळकतीचा तंटा उपस्थित झाला तर. तिचे केशवपन कोणी केले, कोणाच्या हुकमावरून केले, तेव्हा दार बाहेरून कोणी लावले होते, याचा एक कागद मला दाखवा. असा कागद नाही. तो कागद हरिभाऊ आपट्यांनी लिहिला, 1890 पासून 'करमणुकी'त, आणि त्याला नाव दिले 'पण लक्षात कोण घेतो!' यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने बोलते, आणि ज्या घरांतल्या पुरुषांनी आपल्या आत्याचे, बहिणीचे, भावजयीचे रडणे ऐकून न ऐकल्यासारखे केले होते, त्यांच्या माजघरात ती दर आठवड्याला बोलत राहते. यमू कधी जन्मली नाही म्हणून ती खोटी काय?

रावसाहेब : तुम्ही मला अडचणीत टाकलेत, आणि ते मी कबूल करतो. तरीही माझे एक म्हणणे ऐका. हरिभाऊंच्या आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' स्वतःच्या हाताने लिहिली होती. ती आम्ही विसरलो. संशोधक मालशांनी 1975 साली ती पुन्हा छापीपर्यंत बहुतेकांना तिचा पत्ता नव्हता. पुरुषाने कल्पनेने उभी केलेली स्त्री आम्ही डोक्यावर घेतली, आणि प्रत्यक्ष बोलणाऱ्या स्त्रीला अडगळीत टाकले. दुसरे असे, की यमू मरते. कादंबरीकाराला आमचे अश्रू हवे होते, म्हणून ती मरते. पण त्याच काळात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात गेलेली पहिली बालविधवा विद्यार्थिनी गोदूबाई शिकत होती. 1893 साली तिने धोंडोपंत कर्व्यांशी विवाह केला, गावाचा बहिष्कार सोसला, संसार केला, आणि म्हातारपणी 'माझे पुराण' सांगितले. हरिभाऊंच्या कल्पनेला ही गोदूबाई का दिसली नाही?

मास्तर : दिसली असती तरी तिला नायिका करणे हा त्या काळी खोटेपणा ठरला असता. गोदूबाई एक, यमू हजारो. अपवादाची नोंद तुमच्या दप्तरात आपोआप होते, कारण अपवादाने खळबळ माजते, सभा भरतात, वर्तमानपत्रे लिहितात. जे रोज, सर्व घरांत, मुकाट्याने घडते त्याची नोंद कोणीच करीत नाही; ती कादंबरीलाच करावी लागते.

यावर रावसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मला स्वतःला या मुद्द्यावर मास्तरांचे म्हणणे निर्णायक वाटते. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी आज वाचताना लांबण जाणवते, योगायोगही खटकतात. पण यमूच्या आवाजात जी घरगुती बारकाव्यांची श्रीमंती आहे ती केवळ सहानुभूतीने येत नाही, तिला वर्षानुवर्षे कान देऊन ऐकावे लागते. हरिभाऊंनी ऐकले होते.

रावसाहेब : बरे, यमूला मी यादीत ठेवतो; पण तिच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' असली पाहिजेत, आणि दोन्ही एकाच वाचकाने एकापाठोपाठ घ्यावीत अशी शिफारस फळ्यावर लिहिली पाहिजे. कचेरीत आम्ही साक्षीदाराला एक कसोटी लावीत असू. जो मनुष्य स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट, कोणी विचारली नसता, आपण होऊन सांगतो, त्याच्या बाकीच्या जबानीवर भरवसा ठेवावा. ही कसोटी 'स्मृतिचित्रां'ना लावा. सत्तावन्नच्या धामधुमीत आईचे वडील फासावर गेले आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, इतके की मीठसुद्धा धुऊन घ्यावे, ही हकिकत ही बाई कोणतीही तक्रार न करता सांगते. तिचे पती टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले; तेव्हा आपण किती आकांत केला, वेगळे राहून सोवळेओवळे किती हट्टाने पाळले, आणि मग एक दिवस, कोणी उपदेश न करता, स्वतःच्याच विचाराने ते बंधन मनातून कसे गळून पडले, हे ती सारे सांगते. नवऱ्याचा लहरीपणा आणि नवऱ्याचे मोठेपण एकाच वाक्यात येते. दोहोंपैकी एकाचीही वजाबाकी होत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. 1934 पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, आणि शेवटचा भाग छापलेला पाहायला ती राहिली नाही. सनावळ्या चुकल्या असतील. चुकू द्या. इतका सच्चा साक्षीदार मला कोणत्याही कज्जात भेटला नाही.

मास्तर : ही कसोटी मला मान्य आहे, रावसाहेब, आणि मी ती आता तुमच्याकडून उसनी घेऊन कादंबरीला लावणार आहे. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' घ्या, 1939 सालचे. महायुद्ध तोंडावर आलेले, युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलून लावलेले ज्यू, आणि त्यांच्यात हिंदुस्थानास परतणारा चक्रधर. त्याच्या जागी दुसऱ्या कोणी लेखकाने एक उदार, उदात्त तरुण घातला असता, म्हणजे हेर्टा या ज्यू तरुणीचे दुःख आणि आपल्या नायकाचे औदार्य दोन्ही एकदम साधली असती. बेडेकर तसे करीत नाहीत. चक्रधर हा दुखावलेला, स्त्रीजातीवर सूड उगवू पाहणारा, प्रेमाची भाषा सहज वापरणारा मनुष्य आहे. निवेदन त्याचेच, आणि त्या निवेदनातूनच तो उघडा पडतो. जगावर कोसळणारे युद्ध आणि एका माणसाच्या मनातले क्षुद्र युद्ध यांना त्यांनी एकाच बोटीत कोंडले. ही स्वतःच्या विरुद्ध दिलेली जबानी नव्हे काय? इतक्या छोट्या पुस्तकात मराठीत दुसऱ्या कोणी इतके साधलेले मला माहीत नाही.

रावसाहेब : मी ते वाचलेले नाही. वाचीन. पण 'बनगरवाडी' वाचली आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्याआधी मीच बोलतो. माणदेशासारख्या मुलखात मी फिरती केली आहे. दुष्काळात आणेवारी ठरवायची, तगाईचे अर्ज घ्यायचे, गावची लोकसंख्या, गुरांची संख्या, विहिरींची संख्या लिहून वर पाठवायची. माझ्या कागदात आकडे बिनचूक होते. पण मेंढरे घेऊन एक वाडी कशी उठते, कोण आधी जातो, कोण मागे राहतो, कारभाऱ्यासारखा माणूस गेल्यावर वस्तीचा कणा कसा मोडतो, हे माझ्या कागदांत नव्हते. त्याला रकानाच नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली तो रकाना भरला. तालीम बांधली जाते, कादंबरीतल्या मास्तरला वाटते आता वाडी उभी राहिली, आणि नंतर पाऊस येत नाही. मास्तरचे सगळे श्रम वाया जातात, तरी लेखक त्याची समजूत घालीत नाही. हे पुस्तक मी कादंबरी म्हणून वाचलेच नाही.

मास्तर : आणि मी दप्तर म्हणून वाचले नाही. तरी आपण दोघांनी ते एकाच कारणासाठी जवळ केले.

येथवर दोघे एकमेकांच्या इतके जवळ आले होते की यादी मुकाट्याने पुरी होईल असे सर्वांना वाटले. परंतु 'ययाति'चे नाव निघाले आणि पक्ष उलटे झाले. ज्यांनी कादंबरीचा कैवार घ्यायचा त्या मास्तरांनीच तिच्यावर हरकत घेतली, आणि रावसाहेब तिच्या बाजूने उभे राहिले.

मास्तर : खांडेकरांविषयी मला आदर आहे. एका पिढीला त्यांनी ध्येयाची भाषा दिली. पण 1959 च्या 'ययाती'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली हकिकत सांगत असता तिघांच्याही तोंडी एकच घोटीव भाषा आहे. सुभाषिते तीच, उपमा त्याच. रावसाहेब, तीन साक्षीदारांच्या जबान्या शब्दशः एकाच वळणाच्या आल्या तर तुम्ही काय शेरा मारला असता? भोगाने तृप्ती होत नाही हा निकाल पहिल्या पानापूर्वीच लागलेला आहे, आणि ययातीला स्वतःच्या बाजूने बोलायला खरी संधी मिळतच नाही. इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' बरोबर उलट आहे. मानववंशशास्त्राची अभ्यासक, भांडारकर संस्थेच्या चिकित्सित प्रतीवर बोट ठेवून बोलणारी; ती गांधारीचे शेवटचे दिवस कल्पनेने रंगविते, पण महाभारत कोठे संपते आणि आपली कल्पना कोठे सुरू होते हे वाचकापासून लपवीत नाही. कुंती, द्रौपदी, कर्ण, कोणालाही ती देव्हाऱ्यात बसवीत नाही आणि कोणालाही फासावर देत नाही.

रावसाहेब : 'युगान्ता'बद्दल तुम्ही म्हणता ते खरे, आणि ते पुस्तक आपल्या संग्रही दोन प्रतींत असावे असे माझे मत आहे. परंतु 'ययाति'वरचा शेरा मला मान्य नाही. 1974 साली तिला ज्ञानपीठ मिळाले, मराठीला मिळालेले ते पहिले. पण मी पारितोषिकासाठी भांडत नाही. आपल्या वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदवह्या मी चाळतो. ज्या घरांतून एरवी कोणी कधी पुस्तक नेले नाही, त्या घरांतल्या बायका, गिरणीतले कामगार, कोर्टातले बेलीफ यांनी 'ययाति' नेली, आणि परत करताना दुसरे पुस्तक नेले. लोकांनी एखादा ग्रंथ आपलासा करणे हीही एक साक्ष आहे. तिघांची भाषा एकसारखी असेल. पण ती भाषा लोकांच्या मनातल्या एका प्रश्नाला भिडली.

मास्तर : मग त्या हिशेबाने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा सर्वांत मोठ्या ठरतील.

रावसाहेब : मोठ्या नव्हेत, आवश्यक. त्यांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली, आणि ज्यांच्या हाती 'झुंजार' आणि 'काळा पहाड' पडले नसते अशी कितीतरी मुले वाचक झालीच नसती. त्यांचे कपाट आहे तेथेच राहू द्या. आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'ही घ्या. 1970 पासून नव्या संसारात पडलेल्या मुलींना तिने वाटी आणि चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकविला. पन्नास वर्षांनी मध्यमवर्गीय मराठी घर काय जेवत होते हे कोणाला पाहायचे असेल तर त्याला याहून विश्वसनीय कागद मिळणार नाही.

'रुचिरा'वर वाद झाला नाही. बखरीवर झाला, आणि तो थोडक्यात सांगतो. 'भाऊसाहेबांची बखर' मास्तरांना प्राणप्रिय. रावसाहेब मात्र, इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास आरंभ करून बखरींपेक्षा अस्सल पत्रांना प्रमाण मानावे असा जो दंडक घातला, त्याचे कट्टर अनुयायी. आकडे आणि तारखा यांसाठी बखर उघडू नये हे मास्तरांनी मान्य केले. पानिपतच्या वार्तेने घराघरांत काय झाले असेल ते पत्रांच्या संग्रहातून तितक्या तीव्रतेने कळत नाही, हे रावसाहेबांनी मान्य केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'च्या बाबतीत मात्र दोघांनीही एकदमच हात वर केले. रावसाहेबांना त्यात राज्यकारभाराचा आदर्श दिसतो. मास्तरांना, आरमारासाठी लाकूड हवे तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे सांगणाऱ्या राजनीतिज्ञात कवी दिसतो. 'लीळाचरित्रा'चेही तसेच. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून मिळवून, आठवणींत जेथे फरक पडला तेथे तो फरकसुद्धा नोंदवून ठेवला. तेराव्या शतकातल्या या मराठी गद्यग्रंथात साक्ष आणि साहित्य वेगळी काढताच येत नाहीत, असे दोघांचेही मत पडले. माझे मत विचाराल तर मराठी गद्याचा पाया इतक्या प्रामाणिक हातांनी घातला गेला ही आपल्या भाषेची मोठी पुण्याई आहे.

शेवटचे नाव रावसाहेबांनी सुचविले, आणि त्यासाठी ते उभे राहिले.

रावसाहेब : जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. ज्या 1883 साली गोडसे भटजी वरसईस बसून लिहीत होते त्याच साली हा ग्रंथ लिहून पुरा झाला, आणि लेखकाच्या हयातीत तो पुरा छापून निघाला नाही. मास्तर, मी त्याच जातीचा आणि त्याच खात्याचा मनुष्य आहे ज्यांच्यावर हा असूड उगारलेला आहे. सरकारी कचेऱ्यांत भट कामगारांनी अडाणी कुणब्याला कसे नाडले, मोजणीच्या, पाण्याच्या, कोर्टाच्या कामांत त्याची कशी लूट होत असे, हे मी प्रथम वाचले तेव्हा दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. भाषा कठोर आहे. ठिकठिकाणी अतिशयोक्ती आहे असे मी स्वतःशी म्हणालो. मग मी माझ्याच खात्यातली जुनी प्रकरणे आठवली, आणि अतिशयोक्तीचा शब्द मागे घेतला. आतापर्यंत आपण लेखकाने स्वतःविरुद्ध दिलेल्या जबानीची गोष्ट बोललो. हा ग्रंथ वाचकाकडून ती जबानी मागतो.

मास्तर : आणि त्यात पुरावा आहे तसा आवेशही आहे. नुसत्या आकड्यांनी हे झाले नसते.

रावसाहेब : नुसत्या आवेशानेही झाले नसते.

यादी त्या दिवशी मंजूर झाली. 'असूड' पहिल्या क्रमांकावर आला. 'पण लक्षात कोण घेतो!', 'स्मृतिचित्रे' आणि 'माझे पुराण' यांच्या एकत्र प्रती घेण्याचे ठरले. 'ययाति'बद्दल एकमत झाले नाही, परंतु तिची जुनी प्रत फाटली असल्यामुळे नवी मागविण्यास मास्तरांनी हरकत घेतली नाही. रावसाहेबांनी 'रणांगण' घरी नेले. 'माझा प्रवास'च्या बाबतीत दोन्ही आवृत्त्या ठेवण्याचा ठराव झाला, आणि इतर वाचनालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की ज्यांच्याकडे केवळ वैद्यांची आवृत्ती असेल त्यांनी पोतदारांची प्रत शोधून, जुनी मिळाली तरी चालेल, अवश्य संग्रही ठेवावी आणि ती वैद्यांच्या प्रतीशेजारीच लावावी.